फवारणीचे बळी आणि कायद्याची चाल



पऱ्हाटी कमरेला लागली की गावोगावच्या कृषी केंद्रांपुढे गर्दी सुरू होते. कुठे मावा, कुठे तुडतुडे, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच मागणी, "भाऊ, काहीतरी जालीम द्या." एरवी मी तुम्हाला कोणते औषध पंपाला किती मिली घ्यावे ते सांगतो. आज ते सांगणार नाही. आज त्या बाटलीमागचे राजकारण सांगायचे आहे.

राजकारण म्हटले की आपण दोनच गोष्टी करतो. पारावर बसून तावातावाने भांडतो, नाही तर "मोठ्या लोकायच्या गोष्टी, आपल्याले काय करा लागते" म्हणून उठून जातो. मी सरकारी नोकर. कोणत्या पक्षाची बाजू घेणे मला शोभत नाही आणि तशी परवानगीही नाही. पण तुमच्या पाठीवरच्या पंपात काय भरले जाईल, हे आधी दिल्लीत ठरते आणि मग तालुक्याच्या दुकानात येते. ते कसे ठरते, हे फवारणाऱ्याला माहीत नसावे, ही काही बरी गोष्ट नाही. मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय आरोग्याचाच आहे. आपण विषाला औषध म्हणतो ना, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

२०१७ चा खरीप आठवा. माझी नोकरी तेव्हा नवी होती. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवेत दमटपणा होता, किडीचा जोर होता आणि बाजारात पेट्रोलवर चालणारे, जोरात तुषार उडवणारे पंप नव्याने आले होते. पंपामागे मजुरी घेऊन फवारणारा माझ्या ओळखीचा एक मजूर, तिशीतला गडी, सकाळी नुसत्या चहावर धुऱ्यावर गेला. दोन कीटकनाशके आणि वर एक टॉनिक, असे तीन डब्यांचे मिश्रण. वरून तुषार तोंडावर पडत होते. दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. त्याच्या बायकोने मला रस्त्यातच गाठले. "साहेब, यायले दिसूनच नाही राह्यलं."

कोणाच्या तरी मोटारसायकलवर मधे बसवून त्याला दवाखान्यात नेले. सलाइन लागले, वरच्या दवाखान्यात पाठवले, चार दिवसांनी तो घरी आला. कागदावर लिहिले होते उलटी आणि चक्कर. कोणते रसायन, कोणती कंपनी, कुठला बॅच नंबर, काही नाही. त्या संध्याकाळी मी माझा कीड सर्वेक्षणाचा तक्ता भरला. दर पानावर तुडतुडे किती, याला रकाना होता. फुलकिडे किती, याला रकाना होता. नुकसानीची पातळी ओलांडली का, याला रकाना होता. फवारणारा माणूस आजारी पडला, याला रकाना नव्हता. मीही कोऱ्या जागेत एक ओळ लिहिली नाही. हे आज कबूल करतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्याची सुरुवात माझ्या त्या तक्त्यापासूनच होते.

बातमी झाली तेव्हा

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कोणाची नजर गेली, कोणाला श्वास घेता येईना. विशेष म्हणजे हे सारे ऑगस्ट-सप्टेंबरपासून चालू होते. दवाखान्यांच्या वॉर्डांत खाटा भरत होत्या. पण राज्याच्या कानावर ते गेले ऑक्टोबर लागल्यावर, वर्तमानपत्रांचे रकाने आणि टीव्हीचे कॅमेरे तिथे पोचल्यावर. मग पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, विरोधकांचे मोर्चे निघाले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, नागपूर खंडपीठात जनहित याचिका गेली.

पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. त्या गाड्या आल्या नसत्या तर पथकही आले नसते. राजकारणाने इथे कामच केले. माझी तक्रार वेगळी आहे. गाड्या आल्या मेलेल्यांची संख्या मोठी झाल्यावर. त्याआधी दरवर्षी दोन-चार माणसे अशीच जात असत आणि दहा-वीस जण सलाइन लावून घरी येत. त्यांची नोंद नव्हती, म्हणून त्यांचे राजकारणही नव्हते.

तपास पथकाचा अहवाल आला. त्याने मोनोक्रोटोफॉसवर, म्हणजे आपल्या भाषेत 'मोनो'वर, कायमच्या बंदीची शिफारस केली. राज्य शासनाने यवतमाळ आणि शेजारच्या काही जिल्ह्यांत मोनोसह पाच कीटकनाशकांची विक्री थांबवली. पण किती दिवस? साठ दिवस. तेही हंगाम सरत आल्यावर. तेव्हा गावात एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, "साठ दिवसानं त्याचं इष उतरते काय गा?" मला उत्तर देता आले नाही. पुढे कायद्याचे पुस्तक मिळवून वाचले तेव्हा कळले.

साठ दिवसांचे कोडे

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे कलम २७ असे सांगते, की एखादे कीटकनाशक माणसांना किंवा जनावरांना घातक ठरते आहे असे वाटले तर राज्य सरकार चौकशी होईपर्यंत त्याची विक्री व वापर थांबवू शकते. मुदत जास्तीत जास्त साठ दिवस. चौकशी पुरी झाली नाही तर आणखी तीस. त्यापुढे कायमची बंदी घालणे हे केंद्राच्या हातात. म्हणजे माणूस मरतो राज्यात, सलाइन लावते राज्याचा दवाखाना, पंचनामा करतो राज्याचा तलाठी, आणि ते विष बाजारात ठेवायचे की नाही हे ठरवते दिल्ली. आमदारासाहेबांना कितीही वाटले तरी मुंबईच्या सभागृहातून एक बाटली नव्वद दिवसांपलीकडे बंद करता येत नाही.

हा कायदा आला कसा, तीही हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभरहून अधिक माणसे अन्नातून विषबाधा होऊन मेली. जहाजातून पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचे पीठ एकत्र आणले होते. विष गळले आणि पिठात उतरले. केंद्राने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगानंतर समित्या झाल्या, समित्यांनंतर कायदा झाला १९६८ साली, आणि तो अंमलात आला १ ऑगस्ट १९७१ पासून. मेलेल्यांच्या वर्षश्राद्धांची संख्या तेरा झाली तेव्हा कुठे विषाला कायदा लागू झाला.

या कायद्याची मांडणी नीट पाहा. त्यात एक केंद्रीय कीटकनाशक मंडळ आहे आणि त्याचे अध्यक्ष म्हणून कायद्याने बसवले कोणाला, तर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांना. वाचून बरे वाटले. पण हे मंडळ सल्ला देणारे. कोणत्या रसायनाला नोंदणी द्यायची ते ठरवते दुसरी समिती, नोंदणी समिती. तिच्यात औषध नियंत्रक आहेत, तसे पीक संरक्षण सल्लागारही आहेत. आणि बंदीच्या आदेशावर सही होते कृषी मंत्रालयाची. आता कृषी मंत्रालयाचे काम काय? पीक वाढवणे. मीही त्याच कामाचा शेवटचा शिपाई आहे, म्हणून सांगतो. आमच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो उत्पादन किती आणि कीड आटोक्यात आली का. यात कोणी वाईट माणूस नाही. पण ज्याच्या डोक्यावर पिकाची जबाबदारी, त्यालाच विषाची तराजू धरायला दिली, तर पारडे कुठे झुकेल?

मोनोची वरात

एकट्या मोनोक्रोटोफॉसचा प्रवास पाहिला तरी धोरण कसे चालते ते समजते. या औषधाला आपल्या भागात फार माया. स्वस्त, चटकन दिसणारा परिणाम, आणि फवारल्यावर पऱ्हाटी हिरवीगार होते असा समज. अमेरिकेत ते १९८८ मध्येच बाजारातून गेले. आपल्याकडे २००५ साली भाजीपाल्यावर त्याला बंदी झाली. आता तुम्हीच सांगा, एकच बाटली, पऱ्हाटीला चालते आणि वांग्याला चालत नाही, हे त्या बाटलीला कसे कळावे? दुकानातून नेल्यावर कोण पाहायला जातो? २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या मोनोच्या वापराचा आणि त्याच्या दुष्परिणामांचा एक स्वतंत्र आढावा छापला. काही हलले नाही.

१६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ लेकरे गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनो होते. देश हादरला. त्याच महिन्यात केंद्राने डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. इतर देशांत बंद किंवा मर्यादित असलेली पण भारतात चालू असलेली ६६ कीटकनाशके तिने तपासायची होती. समितीचा अहवाल आला डिसेंबर २०१५ मध्ये. काही तत्काळ बंद करा, काही २०२० पर्यंत बंद करा, आणि काहींचा पुन्हा अभ्यास करून आढावा घ्या, असे तिने सांगितले. मोनो या तिसऱ्या गटात गेले. गंडामनची लेकरे जाऊन दोन वर्षे झाली होती. मधल्या काळात २०१७ चा खरीप आला.

२०१८ च्या ऑगस्टात १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला, त्यात मोनो नाही. मे २०२० मध्ये आणखी २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा आला, त्यात मोनो होते. हरकतींची मुदत आधी ४५ दिवस, मग ९० दिवस. मग त्या हरकती पाहायला आणखी एक समिती. शेवटी २०२३ च्या सप्टेंबरअखेर आदेश निघाला, तो २७ वर नव्हे. डायकोफॉल, डिनोकॅप, मिथोमिल आणि मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के, अशा चारांवर बंदी आली, काहींच्या वापरावर मर्यादा आल्या, बाकीच्यांना जीवदान. मोनोच्या उरलेल्या मालासाठी आणखी वर्षभराची सवलत. भाजीपाल्यावरच्या बंदीपासून मोजले तर १८ वर्षे लागली.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. २७ च्या यादीत मँकोझेब होते, कार्बेन्डाझिम होते, पेंडिमिथॅलिन होते. द्राक्षवाला, टमाटेवाला, सोयाबीनवाला यांच्यावर जगतो. ही जुनी, पेटंट संपलेली, देशी कारखान्यांत होणारी स्वस्त औषधे. ती बंद झाली की दुकानात त्यांच्या जागी नवे, महागडे येईल, आणि त्यामागे कोणाचा फायदा आहे ते पाहा, असे देशी उत्पादक म्हणत होते. ते त्यांच्या पोटासाठी म्हणत होते हे खरे, पण बोलणे अगदी खोटे नव्हते. माझे स्वतःचे मत विचाराल तर सर्व २७ एका फटक्यात बंद करणे मलाही पटले नसते. पण मोनो आणि मँकोझेब यांना एकाच गाठोड्यात बांधले, की गाठोडेच सुटत नाही. गाठोडे मोठे करण्यातही राजकारण असते, आणि ते पुष्कळदा न दिसणारे असते.

उत्पादकांची संघटना असते, तिचे दिल्लीत कार्यालय असते, हरकत कशी लिहायची ते सांगणारे वकील असतात. विक्रेत्यांचीही संघटना असते. २०१५ साली नियम झाला, की कीटकनाशक विकणाऱ्याकडे शेतीची किंवा रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र अशा विषयांची पदवी हवी. चालू दुकानदारांना दोन वर्षे दिली. मग मुदतवाढ. मग पदवीऐवजी १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालेल असे ठरले. आमच्या भागातले कितीतरी दुकानदार चांगले, अनुभवी आहेत, त्यांचे पोट मारावे असे मला वाटत नाही. पण त्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोचले, एवढेच दाखवायचे आहे. पंपावर मजुरी करणाऱ्याची संघटना तुम्ही कधी पाहिली आहे? त्याची हरकत कोणत्या ४५ दिवसांत नोंदवली गेली?

म्हणूनच २०१७ नंतर बराच दोष त्याच्याच माथी आला. हातमोजे घातले नाहीत, तोंडाला रुमाल नव्हता, वाऱ्याच्या दिशेचे भान नव्हते. सूचना बरोबर आहेत, मी स्वतः त्या गावोगाव सांगतो. संरक्षक किट वाटपालाही गेलो आहे. पण सप्टेंबरच्या उकाड्यात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क लावून दहा पंप मारून दाखवा म्हटले, तर मला दोन पंपांत घेरी येईल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची एक आचारसंहिता आहे. ती सांगते, की ज्या कीटकनाशकासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण हवामानात लहान शेतकरी आणि मजुरांच्या हाती देणे टाळावे. म्हणजे पहिला प्रश्न हातमोज्यांचा नाही, बाटलीचा आहे.

शेजारच्या बेटावरची गोष्ट

सगळीकडे अशीच चाल असते असे नाही. श्रीलंकेत १९८० साली कीटकनाशक नियंत्रणाचा कायदा झाला. तिथेही तुमच्या-आमच्यासारखीच लहान शेती, घराघरांत बाटली, आणि आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या वरच्या देशांत. तिथल्या निबंधक कार्यालयाने आणि डॉक्टरांनी एक साधे काम केले. कोणत्या विषाने किती माणसे दवाखान्यात येतात आणि त्यांतली किती वाचतात, हे पाहिले. ज्याने माणूस वाचतच नाही, ते आधी काढले. १९८४ मध्ये पॅराथिऑन, १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि २००८ ते २०११ दरम्यान पॅराक्वाट, डायमेथोएट व फेन्थिऑन. एकेक करून, पर्याय दाखवून. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. संशोधकांच्या हिशेबाने या बंद्यांमुळे ९३ हजार जीव वाचले. भाताचे उत्पादन घसरले नाही. रागाच्या किंवा निराशेच्या एका घडीला हाताशी काय आहे, यावर माणसाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. ती घडी टळली की पुष्कळ जण सावरतात. आपल्या विदर्भाने हे वाक्य दोनदा वाचावे.

या काळात तिथे सरकारे बदलली, पक्ष बदलले, यादवी युद्ध चालू होते. तरी काम चालू राहिले, कारण ते दवाखान्यातल्या नोंदीवर उभे होते. आणि त्याच देशाने उलटा धडाही दिला. २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे यांनी दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे जाण्याचे आश्वासन दिले होते. २०२१ च्या मे महिन्यात त्यांच्या सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात एका फर्मानाने बंद केली. दहा वर्षांचे काम एका रात्रीत. भात आणि चहा दोन्ही कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. तिथे दवाखान्याची नोंद कुठेच नव्हती, नुसती घोषणा होती.

आपल्याकडे एंडोसल्फानचे उदाहरण घ्या. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून ते फवारले गेले. गावोगाव व्यंग असलेली मुले जन्मू लागली. लोकांनी, डॉक्टरांनी, पत्रकारांनी घरोघर याद्या केल्या. पुढे २५ एप्रिल २०११ रोजी केरळचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन बंदीच्या मागणीसाठी एक दिवसाच्या उपोषणाला बसले आणि १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर अंतरिम बंदी घातली. तो खटला लढला एका पक्षाच्या युवक संघटनेने. राजकारण होतेच. पण त्याच्या हातात याद्या होत्या.

नवा कायदाही यायचा म्हणून आपण ऐकत आलो. २००८ च्या ऑक्टोबरात राज्यसभेत एक विधेयक आले, ते पडून राहिले. २३ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, दुसरे आले. २०२१ मध्ये ते स्थायी समितीकडे गेले आणि डिसेंबरात समितीचा अहवाल आला. तेरा वर्षांत दोन विधेयके आणि त्या तेरा वर्षांत कायदा एकही नाही. आमच्याकडे बोंडअळीच्या नुकसानीची मदत मात्र २०१७ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनातच जाहीर झाली होती. कारण बोंडांचा पंचनामा होता. शेतात किती टक्के बोंडे किडली, हे आम्ही मोजून दिले होते.

आता तुमच्या-माझ्या हातातले. त्याच १९६८ च्या कायद्यात कलम २६ आहे. कीटकनाशक हाताळताना किंवा वापरताना झालेल्या प्रत्येक विषबाधेची खबर ठराविक अधिकाऱ्याला देणे राज्य सरकार कोणालाही, डॉक्टरांनाही, बंधनकारक करू शकते. यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. आमदार-खासदार मते मागायला येतील तेव्हा रस्ता आणि सभामंडपाबरोबर एवढे विचारा, आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेची नोंद कोण ठेवतो आणि ती दरमहा कुठे लावली जाते. ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावाला कागद लागतो, कागदाला नावे लागतात.

आणि नावे हवीत तर बाटली हवी. फवारणी करताना डोळ्यांची आग, मळमळ, लाळ, घाम, छातीत दाटणे असे काही झाले, तर काम तिथेच सोडा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना ती रिकामी बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा, काहींना उताराच नाही. बाटली पाहिल्याशिवाय डॉक्टर काय करणार? केसपेपरवर औषधाचे नाव लिहून घ्या. दुकानातून पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. उधारीवर आणतो म्हणून बिल मागायचा संकोच नको. लेबलावरचा त्रिकोण पाहा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण दुकानदाराच्या सांगण्यावरून करू नका.

गेल्या काही हंगामांपासून मी स्वतःची एक वेगळी वही ठेवली आहे. सरकारी नाही, घरची. माझ्या गावांत फवारणीने कोणी आजारी पडले की आशाताई मला सांगतात. नाव, तारीख, पीक, बाटलीवरचे नाव, किती पंप, दवाखाना कोणता, एवढे त्यात लिहितो. पहिल्याच हंगामात पान भरले. कोणी मेले नाही, म्हणून कुठे बातमी नव्हती.

वही सुरू केली तेव्हा २०१७ चा तो मजूर आठवला आणि त्याच्या घरी गेलो. तो अजूनही पंपावर मजुरी करतो. एका डोळ्याला कमी दिसते म्हणाला. मी वही उघडली तसा तो हसला, "माह्यं नाव कायले लिहिता साहेब, मी तं जिता आहो." मी म्हटले, म्हणूनच लिहितो. औषधाचे नाव त्याला आठवेना, तारीखही आठवेना. आत चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला मात्र दोन्ही आठवत होते. तिने बाटलीचा रंगही सांगितला.